तलावाभोवतीची गोल वाट

डिसेंबर लागला की माझ्या वर्गातली मुलं खाजवायला लागतात. मानेवर, कोपरात, कधी सदऱ्याच्या आत हात घालून. खरूज वगैरे काही नाही, ती धानाची कूस, अंगाला चिकटणारी बारीक कुसळं असतात. सकाळी शाळेत यायच्या आधी बापाला धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं रचू लागायचं, नाहीतर मळणीच्या यंत्रापाशी भारे उचलून द्यायचे, आणि आंघोळीला चाट देऊन तसंच दप्तर उचलायचं. मी त्यांना रागावत नाही. मी आंधळगावच्या धानाच्या घरातली, ती खाज मला पाठ आहे. यंदा परवा सातव्या वर्गात पहिला मुलगा मान खाजवायला लागला आणि मी फळ्यावर परागीभवन लिहिता लिहिता थांबले. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, काय झालं?" काही नाही म्हटलं. तो ऋतू आला होता, एवढंच.

लोकांना ऋतूंवरून सणवार आठवतात, माहेर आठवतं, खाणंपिणं आठवतं. मला या ऋतूवरून एक पायवाट आठवते. तीही जेमतेम दोन किलोमीटरची, आणि जिथून निघाली तिथंच परत येणारी.

साकोलीच्या बाहेर, हमरस्त्यापासून थोडं आत, एक जुना मालगुजारी तलाव आहे. त्याच्या तीन बाजूंना जंगल आणि चौथ्या बाजूला मातीची पाळ. पाळीखाली धानाची शेतं. जंगल काही फार दाट नाही, पोरांना वाघाची भीती घालावी तर पोरंच हसतील इतपत. काही वर्षांपूर्वी तिथं उद्यान झालं. दोन झोके, एक घसरगुंडी, पाखरं पाहायला मचाण, आणि तलावाला वळसा घालणारी पायवाट. फाटकावर रंगवलेली पाटी आहे: 'गोल पायवाट. सोपी. लहानथोर सर्वांसाठी.' खाली निळा तलाव, त्याच्याभोवती पिवळी रेघ, आणि एक लाल ठिपका. ठिपक्यावर 'सुरुवात' लिहिलंय आणि त्याच ठिपक्यावर 'शेवट'सुद्धा. रंगाऱ्याला दोन ठिपके काढायचा कंटाळा आला असेल.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी ती पाटी पहिल्यांदा वाचली. सावकाश, ओठ हलवत.

"म्हंजे फिरून फिरून इथंच यायचं हाय?"

"हाव बाबा."

"मंग निघाचं कायले?"

मी विज्ञानाची शिक्षिका, प्रश्न विचारणं आणि विचारायला लावणं हा माझा पगारी धंदा, पण या प्रश्नानं माझी पाटी कोरीच राहिली. आमच्याकडे जंगलात कोणी उगाच जात नाही. मोह वेचायला जातात, तेंदूपत्ता तोडायला जातात, सरपण आणायला, पावसाळ्यात सात्या म्हणजे अळंबी आणायला. परत येताना डोक्यावर काहीतरी असतं. रिकाम्या हातानं जाऊन रिकाम्या हातानं यायचं, वर त्याला 'फिरणं' म्हणायचं, हे बाबांना पटण्यासारखं नव्हतं. माझी मुलगी मैत्री तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं सरळ सांगून टाकलं, "आबाजी, डॉक्टरनं सांगितलं म्हणून." तेवढं पुरलं.

तो प्रश्न मात्र मला चिकटला. गोल का चालतो आपण? मी बाबांकडेच उलट पाहायला लागले. त्यांची सगळी हयात गोल चालण्यात गेलेली. मी लहान असताना चुरणा, म्हणजे मळणी, बैलांनी व्हायचा, खळ्यात धान पसरून बैल दिवसभर त्याच खुंट्याभोवती फिरायचे आणि बाबा त्यांच्या मागं. पावसाळ्यात रोज पहाटे ते शेतावर जायचे ते काही पेरायला कापायला नव्हे, तर धुऱ्याधुऱ्यानं एक फेरा मारायला. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. भोवती मातीचा धुरा आणि आत गुडघाभर पाणी. त्या धुऱ्यात खेकडा बीळ करतो, उंदीर करतो, आणि सकाळपर्यंत बांधी रिकामी होते. म्हणून फेरा. जिथून निघाले तिथंच परत, रोज, चाळीसेक वर्षं. मी हे त्यांना सुनावलं तेव्हा ते म्हणाले, "ते चालनं नोहे बाई. ते पाहनं होय."

त्या फेऱ्याची एक रीत होती, आणि ती मला लहानपणी फार नवलाची वाटायची. वाटेत दुसऱ्याची बांधी फुटलेली दिसली तर ती बांधूनच पुढं जायचं. मालकाला हाक मारायची नाही, नंतर सांगायचं नाही. ज्याच्याशी धुऱ्यावरून भांडण चालू आहे, बोलणं बंद आहे, त्याची बांधी असली तरी. एकदा मी बाबांना विचारलं होतं की त्या काकांशी तर आपण बोलत नाही, मग त्यांचं पाणी काहून अडवलं? ते म्हणाले, "पान्याशी कोठी भांडन हाय?" आणि खरंच, गावात कोणाची बांधी कोणी बुजवली याची चर्चा मी कधी ऐकली नाही. ती सगळेच बुजवत असत.

बाबांना लकवा आला तो जुलैत, ऐन रोवण्याच्या दिवसांत. बांधीतच उभे होते. हातातली रोपांची पेंडी पाण्यात पडली. "वाकलो उचलाले, तं हात गेलाच नाही," असं ते सांगतात. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तेरा दिवस काढले. जीभ आठवड्यात सरळ झाली, पाय दीडेक महिन्यात. उजवा हात मात्र तसाच राहिला. बोटं आत वळलेली, मनगट लोंबतं. माझा भाऊ वरठीला कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या, खोली एकच. म्हणून मी आईबाबांना साकोलीला माझ्याकडे आणलं. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं याचा हिशोब दोघंही मनात करत होते. माझा नवरा शनिवार-रविवारचा, एरवी गोंदियाला नोकरीत. तो भला माणूस, पण जावयासमोर डाव्या हातानं जेवणं बाबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळे उठून गेल्यावर ते जेवायला बसायचे.

हाताचा व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी यायची. तिनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं: पहिल्या सहा महिन्यांत हात जेवढा परत येईल तेवढा येईल, पुढं फार हळू. आणि तो मालिशनं येणार नाही, त्यांनी स्वतः त्याच्याकडून काम घेतलं तरच येईल. तिनं दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "या वयात कायचा खेळ?" चेंडू मैत्रीकडे गेला. मी कणीक मळायला दिली, ते रुसले. शर्टाच्या गुंड्या लावून पाहा म्हटलं, तर त्यांनी गुंड्यांचा शर्टच सोडला आणि बंडी घालायला लागले. खांद्यावरच्या दुपट्ट्यात तो हात असा गुंडाळून ठेवायचे की नव्या माणसाला कळूच नये, इथं एक हात आहे.

सगळ्यात वाईट वाटायचं ते विहाराचं. गावी ते रोज संध्याकाळी बुद्धविहारात वंदनेला जात. साकोलीतही आमच्या घरापासून चार पावलांवर विहार आहे, पण ते जाईनात. हात जोडता येत नाहीत म्हणून. रस्त्यात कोणी दोन्ही हात जोडून "जय भीम काका" म्हटलं की ते मान हलवायचे आणि घाईनं पुढं व्हायचे. घरी आल्यावर एकदा आईला म्हणाले, "एका हातानं कसा जय भीम घालू? भीक मांगल्यासारखं दिसते." मी स्वयंपाकघरात होते. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम.

राग आईचाही यायचा, तो जास्त. ती त्यांना काही करूच देत नसे. बंडी घालून दे, भांग पाडून दे, दाढी करायला माणूस बोलव, घास कालवून दे. त्यांचा डावा हात पेल्यापर्यंत पोचायच्या आत पेला ओठाला. मी तिला म्हणायची, आई, ती मुलगी काय सांगून गेली? करू दे त्यांना, सांडलं तर सांडू दे. एकदा ती माझ्यावर उसळली. "तू दिवसभर शाळेत राहातेस. त्या मानसाचं तोंड मलेच पाहा लागते. पेला उचलाले गेले अन् पडला, की कसं होते तोंड, ठाऊक हाय का तुले?" मला ठाऊक नव्हतं. पण जुलैचा ऑगस्ट झाला, सप्टेंबर झाला, आणि मी रात्री झोपताना बोटांवर महिने मोजू लागले. नोव्हेंबर उजाडला तेव्हा पाचव्या बोटाशी आले होते. त्या वर्षी आमचं शेत शेजाऱ्यानं पाहिलं. धान कापून झालं, घरी आलं, आणि बाबांनी फोनवर फक्त "बरं" म्हटलं.

तर अशा त्या दिवसांत ही गोल पायवाट. पाय मोकळे होतील, मन रमेल, असं त्या मुलीचं म्हणणं. रविवारी सकाळी ऊन कोवळं असताना मी, मैत्री, आई आणि बाबा रिक्षानं तिथं जायचो. पहिल्या रविवारी बाबा फाटकाजवळच्या बाकावर बसले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या रविवारी अर्ध्यातून परत फिरले, म्हणजे चालणं तेवढंच झालं हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा स्वतःवरच चिडले. तिसऱ्या रविवारी त्यांनी फेरी पुरी केली, आणि ती मैत्रीमुळे.

मैत्रीला शाळेतून झाडांची वही करायला सांगितली होती. ती प्रत्येक झाडाशी थांबायची. "आबाजी, हे कशाचं झाड?"

"हे कुऱ्हाडीच्या दांड्याचं."

तिनं लिहिलं: कुऱ्हाडीच्या दांड्याचं झाड. मी डोकावले. धावडा होता. "अगं, धावडा लिही."

"आबाजी तर असं म्हणाले."

"बाबा, नाव सांगा ना तिला."

"नाव कोनं ठेवलं त्याले विचार. काम हे हाय." आणि पुढच्या झाडापाशी जाऊन स्वतःच म्हणाले, "हे नांगराचं." तो ऐन होता. सुसरीच्या पाठीसारखी त्याची साल मैत्रीनं बोटांनी चाचपून पाहिली. मग मोहाचं झाड आलं तेव्हा ते जरा थांबले. "याची काही कामं सांगासारखी हायेत, काही नाही." आई पदराआड हसली. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

त्या वहीत आजही तशीच नावं आहेत. धावडा, ऐन, अर्जुन ही नावं मी कंसात पेन्सिलीनं घातली. बाईंनी वहीवर लाल शेरा मारला होता, 'माहिती कोठून मिळाली?' आणि मैत्रीनं खाली लिहिलं होतं, 'आबाजीकडून'.

त्या वाटेवर चालताना मला एक गोष्ट कळली. गोल वाटेवर घाई करण्यात अर्थ नसतो. सरळ रस्त्यावर गाव गाठायचं असतं, बस चुकवायची नसते, म्हणून आपण पुढं बघत चालतो. इथं पुढं काही नव्हतं, फाटकच होतं, आणि ते तर पाहूनच निघालो होतो. मग नजर आजूबाजूला जाते. अडई बदकं पाण्यावरून शिट्ट्या घालत उठतात आणि पुन्हा तिथंच जाऊन बसतात, ती कशाला उठली होती? तलावाच्या एका कोपऱ्यात कमळं आहेत आणि दुसऱ्या कोपऱ्यात एकही नाही, ते का? पाण्याची पातळी दर रविवारी बोटभर उतरलेली असते, ते पाणी कोणाच्या शेतात गेलं? बाबांना मी विचारायची. काहींची उत्तरं ते द्यायचे, काहींना म्हणायचे, "मलेबी ठाऊक नाही." मला हे दुसरं उत्तर जास्त आवडायचं, कारण ते म्हणून झाल्यावर ते स्वतः बराच वेळ तिकडेच पाहत राहायचे.

चौथा रविवार डिसेंबरचा पहिला होता. थंडी चांगली पडली होती. आईनं बाबांना कानटोपी घातली होती आणि दुपट्ट्यावरून शाल. आम्ही तलावाला तीन बाजूंनी वळसा घालून पाळीवर आलो. इथं वाट पाळीवरून उतरून थोडी खालून जाते. तलावाचं पाणी सोडायची तुडुम आहे तिथून एक बारका पाट निघतो आणि वाटेच्या बाजूबाजूनं वाहतो. मैत्री पुढं होती, मी तिच्या मागं, आई आणि बाबा मागून येत होते.

"अरे, अरे, फुटलं!"

बाबांचा आवाज. इतका मोठा की मी दचकले, वाटलं पडले. वळून पाहिलं तर ते उभे होते, पाटाकडे पाहत. पाटाच्या काठाला चांगली हातभर रुंद वाट पडली होती आणि पाणी सळसळत खाली, झुडपांमागं, उतारावर चाललं होतं.

"कोनाचं ध्यान नाही का इकडे? सारा तलाव चालला," असं म्हणत ते वाकले. डाव्या हातानं चिखलाचा गोळा उचलला आणि फुटलेल्या जागी लावला. तो वाहून गेला. दुसरा लावला, तोही गेला. मग काठावरचं गवत उपटून आडवं टाकलं, जसं बांधीत तनस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकतात तसं, आणि पुन्हा गोळा घ्यायला गेले. पण तेवढ्या पाण्याला अडवायचं तर मोठा गोळा हवा, आणि मोठा गोळा एका हातात मावत नाही. त्यांनी तो कडेला ओढून पाहिला. तुटला. शाल पाण्यात पडली. मी "बाबा, राहू द्या, पाय घसरेल" म्हणत पुढं धावले, आणि आईनं माझं मनगट धरलं. घट्ट.

"थांब," ती म्हणाली.

दुपट्टा सुटला होता. त्याच्यातून तो हात बाहेर आला होता. बाबांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते पाण्याकडे पाहत होते. उजवा हात चिखलात गेला, आत वळलेल्या बोटांसकट, आणि डाव्यानं ढकललेला गोळा त्या हाताच्या खळग्यात बसला. गोळा छातीशी धरून ते दोन पावलं चालले आणि त्यांनी तो नेमका जागेवर बसवला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक वेळी उजवा हात थोडा उशिरा जायचा, पण जायचा. शेवटी त्यांनी टाचेनं माती दाबली, उजव्या हाताच्या मुठीनं वरून थापटली, आणि सरळ उभे राहिले. गळती थांबली होती. पाट भरून पुढं वाहायला लागला. त्यांच्या अंगावर, बंडीवर, दाढीवर चिखल होता. धाप लागली होती. मला भीतीही वाटत होती आणि आनंदही झाला होता.

तेवढ्यात खालून उतारावरून एक माणूस तावातावानं वर आला. हातात फावडं. उद्यानाचा चौकीदार सोमाजी, त्याला आम्ही दर रविवारी फाटकावर पाहायचो.

"कोनं बुजवलं हे? खाली माही रोपं हायेत, पानी बंद झालं ना!"

मग त्याला बाबा दिसले, चिखलानं माखलेले.

"काका, तुमी?"

"फुटलं होतं," बाबा म्हणाले. "सारं पानी वाया जाऊन राहिलं होतं."

"फुटलं नव्हतं काका. मीच फोडलो होतो. सकाळीच. खाली रोपवाटिका हाय, आजच पयल्यांदा पानी सोडलो तिले."

बाबांचा चेहरा उतरायला लागला. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा हात पुन्हा दुपट्ट्यात जाणार. जन्मभर लोकांची बांधी बुजवली आणि आज चुकीचं पाणी अडवलं. ही चूकही धानाच्या माणसालाच जमावी. शहरातला कोणी असता तर त्या पाण्याचा फोटो काढून पुढं गेला असता.

सोमाजीनं फावडं खाली ठेवलं आणि बांधलेल्या जागी टाच मारली. माती हलली नाही. पुन्हा जोरात मारली. तरी नाही. तो वाकून पाहायला लागला, गवत कसं आडवं टाकलंय, माती कशी थापली आहे.

"बाप्पा! काका, तुमी कोनच्या गावचे?"

"आंधळगाव."

"धानाचं गाव हाय तुमचं. तरीच म्हनलं." त्यानं पुन्हा एकदा टाच मारून पाहिली आणि हसला. "आता हे फोडाले मलेच फावडं लागते. टाचेनं नाही फुटाचं."

बाबांना हसू आलं. आधी थोडं, मग पोटातून. "मंग सांगून ठेवायचं ना, पानी सोडलो म्हनून. आमाले काय ठाऊक?" "पाटी लावाची का काका?" "लाव. मोठी लाव." दोघंही हसत होते. सोमाजीनं फावडं मारलं, बाबांनी बुजवलेलं दोन घावांत फुटलं, आणि पाणी पुन्हा रोपांकडे निघालं. बाबांनी ते पाहिलं. म्हणाले, "थोडं अजून खोल कर. काठ खचून राहिला." आणि त्यानं केलं.

उजवा हात दुपट्ट्यात गेला नाही. ओल्या शालीसोबत दुपट्टाही आईच्या खांद्यावर होता.

तो हात पूर्ण बरा झाला असं मी सांगणार नाही. ते खोटं होईल. दोन बोटं आजही वळलेलीच आहेत आणि थंडीत दुखतात. पण ते त्या मार्चमध्ये गावी परतले, आणि जूनमध्ये शेजाऱ्याला सांगून अर्धं शेत परत घेतलं. परवाच फोनवर म्हणाले की यंदा धान हलकं आलं, तुडतुडा पडला होता. त्यावर तासभर बोलले. आता 'बरं' म्हणून थांबत नाहीत. यंदा मीच त्या पायवाटेवर एकटी जाऊन आले. सोमाजी बदलून गेला, नवीन चौकीदार आहे. पाटाशी मी उगाच थांबून पाहिलं, पाणी कुठं जातंय ते. अजूनही प्रश्न पडतो, माणसाच्या शरीरात काम कुठं साठलेलं असतं? डोक्यात असावं तर डोक्यानं त्या हाताला पाच महिने सांगून पाहिलं होतं, आम्हीही सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं ते वाहत्या पाण्याचं. मी हे त्या व्यायामवाल्या मुलीलाही विचारलं होतं. तिनं पुस्तकातलं काही सांगितलं, ते बरोबरच असेल. मला मात्र अजून पुरतं कळलेलं नाही.

कळलेलं नाही असं अजून एक आहे, आणि ते त्याच दिवसाचं. सोमाजी खाली गेल्यावर आम्ही निघायच्या बेतात होतो. बाबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. त्यांनी ते सवयीनं आईसमोर धरले. पाच महिने असंच चाललं होतं, हात पुढं करायचा आणि आईनं काय ते करायचं. पाटाचं पाणी सारं गढूळ झालेलं, म्हणून आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण फिरवून काढलं. बाटली तिरपी केली. मी तिच्याकडे पाहत होते. तिचा हात तसाच राहिला, पाण्याचा थेंब पडला नाही. ती त्या दोन हातांकडे पाहत होती. मग तिनं बाटली सरळ केली, वाकून वाटेकडेच्या दगडावर ठेवली, आणि मैत्रीचं बोट धरून चालायला लागली. बाबा बघतच राहिले. मीही. मी बाटली उचलायला पुढं झाले होते, आणि कशीबशी मागं सरले, दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिले.

बाबांनी डाव्या हातानं बाटली उचलून उजव्यावर पाणी ओतलं. मग डावा धुवायला बाटली उजव्यात घ्यायची होती. ती निसटली, अर्धं पाणी मातीत गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पाळीकडे पाहिलं. त्यांनी बाटली पुन्हा उचलली, छातीशी टेकवली, उजव्या हाताच्या खळग्यात बसवली आणि हळूहळू तिरपी केली. फार वेळ लागला.

पुढं वळणावर आई थांबली होती, आमच्याकडे पाठ करून. थंडीच्या सकाळी आवाज लांबून येतो, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं. मैत्री विचारत होती, "आजी, आपण काहून थांबलो?"

आई वळली नाही. तिचा पदर तोंडाशी होता.

"थांब माय थोडं," ती म्हणाली, "तुहे आबाजी हात धुऊन राहिले."